न पाहिलेला ताजमहाल आणि साडेपाच बँड

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना सारखे आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ थोडे गाळलेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

आवाज नीट येतोय ना? आज पंखा बंद करून रेकॉर्डिंगला बसलेय, आणि धुळ्यात मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा घाम फुटेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

गेल्या महिन्याभरात मला खूप व्हॉइस नोट आल्या. चोपड्याहून, शिरपूरहून, साक्रीकडच्या एका नर्सिंगच्या मुलीची तर चार मिनिटांची. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. “ताई, आयएल्ट्स द्यायचीय, पण माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमचं. जमेल का?” आणि लगेच पुढचा प्रश्न, “कुठला क्लास लावू?” क्लासचं नाव मी सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते. मी कशी आपटले ते सांगते. त्यातून तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी थोडी ओळख. माझं गाव पारोळ्याजवळ. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे हायस्कूल, सगळं मराठीतून. बारावीनंतर जीएनएम केलं आणि धुळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागले. २०२२ च्या शेवटी आमच्या वॉर्डातली एक सिनिअर इंग्लंडला गेली आणि माझ्याही डोक्यात किडा शिरला. तिकडे नर्स म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजीची परीक्षा आलीच. एक असते ओईटी, खास दवाखान्यातल्या लोकांसाठीची, आणि दुसरी आयएल्ट्स. मी आयएल्ट्स निवडली. का, तर जळगावात तिचा क्लास होता. एवढंच कारण. कोणती परीक्षा आपल्याला सोयीची, हा विचार मी केलाच नाही. तुम्ही करा.

या परीक्षेत पास-नापास नसतं. शून्य ते नऊ बँड असतात, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, आणि चारांची सरासरी म्हणजे तुमचा एकूण बँड. पण इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला नुसती सरासरी चालत नाही. ऐकणं, वाचणं, बोलणं यात प्रत्येकी ७ लागतात आणि लिहिण्यात ६.५. पूर्वी लिहिण्यातही ७ लागायचे, २०१८ च्या शेवटी ते अर्ध्याने कमी केले.

आता आमच्या आबांना हे समजावून सांगायचं. परीक्षेची फी तेव्हा सोळा हजारांच्या वर होती, म्हणजे माझ्या एका महिन्याच्या पगाराहून जास्त. पहिल्या वेळची फी आबांनी कपाशीच्या पैशातून दिली. शेजारपाजारचे त्यांना म्हणत होते की पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून हे काय चालवलंय. निकाल लागला त्या संध्याकाळी आबा शेतातून आले आणि दारातच विचारलं, “पास व्हयनी का नापास?”

मी म्हटलं, “आबा, तसं नसतं त्यात.”

“मंग कसं रास?”

मी काय सांगणार? ऐकण्यात ६.५, वाचण्यात ६, लिहिण्यात ५.५, बोलण्यात ५.५. एकूण ६. चारही कमी. आबा थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “नापासच ना मंग,” आणि हातपाय धुवायला गेले. पास-नापास नसलेल्या परीक्षेत मी नापास झाले होते.

आता ते साडेपाच कसे आले, ते सांगते. बोलण्याचे.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर परीक्षक, मध्ये टेबल, आणि सगळं रेकॉर्ड होतं. आधी चार-पाच मिनिटं साधे प्रश्न: कुठे राहता, काय करता, तुमचं गाव कसं आहे. मग एक कार्ड देतात. एक मिनिट विचार करायला, आणि एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं. मग त्याच विषयाला धरून पुढे चार-पाच मिनिटं चर्चा.

मी दर रविवारी सकाळी धुळ्याहून जळगावची एसटी धरायचे. पारोळा, एरंडोल, पाळधी. माझंच गाव मागे टाकून पुढे जायचं. क्लासमध्ये आम्हाला कार्डांची उत्तरं दिलेली होती, टाइप केलेली. ऐतिहासिक ठिकाण विचारलं तर ताजमहाल. आवडती व्यक्ती विचारली तर अब्दुल कलाम. आवडतं पुस्तक, त्याचंही उत्तर तयार. सर सांगायचे, एवढी तीस पाठ करा, काहीही आलं तरी त्यातलं एक बसवता येतं. वीस-बावीस मुलं होतो आम्ही. वीस-बावीस जणांचा ताजमहाल एकच.

परीक्षेला मी पुण्याला गेले. रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास, सकाळी एका मैत्रिणीच्या हॉस्टेलवर आंघोळ, आणि परीक्षा. कार्ड उलटलं तर काय, जुन्या इमारतीबद्दल बोला! मला वाटलं देव पावला. एक मिनिट विचार करायला दिला तोही मी वापरला नाही. सुरू झाले. “द ताजमहल इज अ सिंबॉल ऑफ इटर्नल लव्ह...” घडाघडा. शाहजहान, मुमताज, संगमरवर, चांदणी रात्र. दीड मिनिट कुठेही न अडखळता.

परीक्षक बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही तिथे कशा गेलात?

मंडळी, मी आग्र्याला कधीच गेलेली नाही. पण कार्डावर तर लिहिलेलं होतं की तुम्ही पाहिलेली इमारत. मी म्हटलं, “बाय बस.” त्यांनी विचारलं, किती वेळ लागला? आणि माझ्या तोंडून निघालं, “थ्री अवर्स.” [हसते] धुळ्याहून तीन तासांत आग्रा! एसटी महामंडळानेसुद्धा कधी असा दावा केला नसेल. त्यांनी पुढे विचारलं, तिथे तुम्हाला सगळ्यात काय लक्षात राहिलं, आणि माझ्या डोक्यात नुसता पांढरा पडदा. मराठीतसुद्धा काही सुचेना. नंतरच्या चर्चेत, जुन्या इमारतींवर सरकारने पैसा खर्च करावा का, असा प्रश्न आला. मी “येस मॅडम, व्हेरी इम्पॉर्टंट” म्हणाले आणि थांबले. पुन्हा तेच म्हणाले.

परत येताना ट्रॅव्हल्समध्ये मला झोप लागली नाही. सारखं एकच आठवत होतं. आमच्या पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे. बाजाराला लागून. बुरूज पडलेत, तटाबाहेर खंदक आहे. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याशी त्या गावाचं नातं सांगतात. लहानपणी बाजारच्या दिवशी आजीबरोबर जायचे तेव्हा किल्ल्याच्या सावलीला बसून आम्ही शेव-मुरमुरे खायचो. तिच्या पिशवीत मिरच्या असायच्या आणि त्यांचा वास मुरमुऱ्यांना लागायचा. हे सगळं माझ्याकडे होतं आणि मी आग्र्याला जाऊन बसले. का? कारण मला वाटलं, पारोळा इंग्रजीत सांगण्यासारखं नाही.

हे ‘सांगण्यासारखं नाही’ कुठून आलं, त्यावर मी नंतर बराच विचार केला. आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी इंग्रजी ही दुसरी भाषा नाहीच, तिसरी आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, मग इंग्रजी. मी पहिलीत गेले तेव्हा बाईंना म्हणाले होते, “मन्हाजोडे पेन्सिल नही.” वर्ग हसला नाही, कारण वर्गातले सगळे तसंच बोलायचे. पण बाईंनी मला उभं करून तीनदा म्हणायला लावलं, “माझ्याकडे पेन्सिल नाही.” त्या वाईट नव्हत्या, त्यांचं कामच ते होतं. पण घरी बोलतो ती भाषा शाळेत चालत नाही, हे मला सहाव्या वर्षी कळलं. पुढे कॉलेजला जळगाव-नाशिककडच्या मुलींमध्ये एकदा ‘शे’ तोंडातून निघून गेलं तर आठवडाभर मला ‘काय शे’ म्हणून हाक मारत होत्या.

आता गंमत बघा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजलीय, आणि ती आपली मातृभाषा आहे असं लिहिणारे १८ लाखांवर लोक निघाले. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, त्याच्या १९०७ च्या खंडातही खानदेशी वेगळी धरलेली आहे. म्हणजे मी जर घरून एक भाषा घेऊन शाळेत गेले आणि सहाव्या वर्षी दुसरी शिकले, तर दुसरी भाषा शिकायचं काम मी एकदा केलेलं आहे! आणि चांगलं केलंय, आत्ता तुमच्याशी मराठीत बोलतेय ना. पण ते कुणी शिकणं म्हणून मोजलंच नाही, ‘सुधारणं’ म्हणून मोजलं.

अजून एक सांगते, हे व्याकरणवाल्यांना आवडेल. ‘आय गो’ आणि ‘आय अ‍ॅम गोइंग’ यातला फरक क्लासमध्ये मुलांना अर्धा तास कळत नव्हता. अहिराणीत आपण म्हणतो, “मी जाई राह्यनू.” मुलगी असली तर “जाई राह्यनी.” आत्ता, या क्षणी चालू आहे ते. आणि रोजचं असलं की “मी जास.” बस, तोच फरक. माझ्या शेजारी अमळनेरचा एक मुलगा बसायचा, त्याला हे सांगितलं तर तो वहीवर डोकं ठेवून हसत सुटला. त्याला बारा वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्याच्या आजीला येत होतं.

बारा वर्षं मी उगाच म्हणत नाहीये. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आबांच्या वेळी पाचवीपासून असायचं. म्हणजे मी पहिली ते बारावी इंग्रजी शिकले, आणि या बारा वर्षांत सलग दोन मिनिटं इंग्रजी बोलायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. एकदाही. धडा वाचायचा, सर मराठीत अर्थ सांगणार, प्रश्नांची उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची. त्याआधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, आमच्या गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींकडे ती अजून आहे, पुठ्ठा चढवलेली. मला त्या पद्धतीला नावं ठेवायची नाहीत, ती माणसं आमच्यापेक्षा शुद्ध इंग्रजी लिहायची. पण बोलताना आधी मराठीत वाक्य जुळवून मग त्याचं भाषांतर करायला गेलं की गाडी अडते. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं कर्त्याच्या मागोमाग. तुम्ही मनात वाक्य शेवटपर्यंत नेणार, मग उलटं फिरवणार, तोपर्यंत समोरचा पुढचा प्रश्न विचारून मोकळा.

दुसऱ्या वेळी मी काय वेगळं केलं? खरं तर ते दवाखान्यात सुचलं.

नाइट शिफ्टला शिंदखेड्याकडचे एक आजोबा ॲडमिट होते. डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, फास्टिंग शुगर सकाळी पाठवा. मी आजोबांना सांगितलं, “बाबा, सकाय उठीसन काही खावानं नही. चहा बी नही. रक्त तपासनं शे.” ते म्हणाले, बरं. मग त्यांचा मुलगा आला, पुण्यात नोकरीला असलेला, त्याला मी तेच मराठीत सांगितलं. मग टेबलाशी येऊन नोट लिहिली, इंग्रजीत. पाच मिनिटांत तीन भाषा. आणि पेन बंद करताना माझ्या लक्षात आलं की हे मी रोज करतेय. चार वर्षं! एखादा शब्द समोरच्याला कळत नसेल तर तो सोडून द्यायचा आणि गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगायची, याचा मला रोजचा सराव आहे. फक्त तो मी एकाच दिशेने करत होते. इंग्रजीकडून घराकडे. घराकडून इंग्रजीकडे कधी आलेच नव्हते.

तेव्हापासून मी एक केलं. शिफ्ट संपली की खोलीवर येऊन मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं, इंग्रजीत, आणि फक्त त्या दिवशी घडलेलं. पाठ केलेलं काही नाही. आज कोण आलं, काय झालं, कुणी भांडण काढलं. पहिल्या दिवशी मी चाळीस सेकंदांत संपले. ऐकवत नव्हतं स्वतःला. प्रत्येक वाक्याआधी “ॲक्चुअली.” तरी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग परत सांगितला. महिनाभरात दोन मिनिटं पुरेनाशी झाली.

दुसऱ्या परीक्षेत, जानेवारी २०२४ मध्ये, कार्ड आलं लहानपणी आवडणाऱ्या जागेचं. मी पारोळ्याला गेले. किल्ला, बाजार, आजी, मिरच्या. आणि मध्येच अडले, कारण खंदकाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. आता शब्द आहे ‘मोट’, मला आज माहीत आहे. तेव्हा मी म्हटलं, “देअर इज अ बिग डिच अराउंड द फोर्ट, अर्लिअर इट हॅड वॉटर, सो द एनिमी कुड नॉट कम इन.” आजोबांना फास्टिंग सांगितलं तसंच. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढे विचारलं, आता त्यात पाणी आहे का? मी म्हटलं, आता त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. ते हसले. माझ्या आयुष्यात इंग्रजीत केलेल्या विनोदाला मिळालेला तो पहिला हशा. बोलण्यात ७ आले.

हे नशिबाने झालेलं नाही बरं. गुण कशाला देतात ते त्यांनी जाहीर केलेलं आहे, वेबसाइटवर तक्ते आहेत. बोलण्यात चार गोष्टी बघतात: ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. आणि शब्दांच्या रकान्यात स्पष्ट आहे की शब्द अडला तर दुसऱ्या शब्दांत सांगता येतं का. ते कौशल्य धरतात, पळवाट नाही. उच्चारातही गोऱ्या माणसासारखं बोलायची अट नाही, समोरच्याला कळलं पाहिजे एवढंच. आपला खरा घोटाळा ‘व’चा असतो, कारण त्यांचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन वेगळे आणि आपला एकच. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू. आरशासमोर आठ दिवस केलं की येतं. फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती स्टँडवर लावतात ना, त्यातलं ‘फाडफाड’ आधी डोक्यातून काढा. माझा वेग पहिल्या वेळी जास्त होता.

वाचण्याबद्दल थोडं. चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. त्यात एक प्रकार असतो, विधान खरं, खोटं की दिलेलंच नाही. त्यात आपण का चुकतो ते सांगते. समजा उताऱ्यात आहे, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. विधान आलं, हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं. खोटं. सोपं आहे. दुसरं विधान आलं, जळगावची केळी देशात सगळ्यात गोड असतात. आता मी खानदेशातली पोरगी, माझा हात आपोआप ‘खरं’कडे जाणार! पण उताऱ्यात गोडीचा उल्लेखच नाही. उत्तर, ‘दिलेलं नाही’. तुम्हाला काय माहीत आहे ते इथे कुणी विचारत नाही, कागदावर काय आहे ते विचारतात. हे कळल्यावर माझे चार-पाच प्रश्न सुधारले. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नका.

ऐकण्याचं रेकॉर्डिंग एकदाच लागतं, परत नाही. फोन नंबर सांगताना ‘डबल फाइव्ह’ म्हणतात, शून्याला ‘ओ’ म्हणतात. स्पेलिंग चुकलं की गुण गेला. मी एसटीत इअरफोन लावून ऐकायचे. पाळधीच्या पुढे रस्ता असा होता की कानात बीबीसी आणि बाहेर खडखडाट, पण परीक्षेत मग सगळं स्वच्छ वाटलं. यावर वेगळा भाग करू कधीतरी.

लिहिण्यावर मात्र बोलायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त रडवलं ते लिहिण्याने. दुसऱ्या वेळी ऐकण्यात ७.५, वाचण्यात ७, बोलण्यात ७, एकूण ७. आणि लिहिण्यात ६. अर्ध्या बँडने गेलं! त्या वेळची फी मी ओव्हरटाइम करून भरली होती. मी आबांना निकाल दोन दिवस सांगितला नाही.

लिहिण्यात दोन निबंध असतात. एक १५० शब्दांचा, दुसरा २५० चा, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. साठ मिनिटांत दोन्ही. माझी पहिली चूक नर्सिंगची होती. आमची नोट कशी असते? ‘पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड. व्हायटल्स स्टेबल. नो फ्रेश कम्प्लेंट.’ क्रियापद कुठंय? ‘अ’, ‘द’ कुठंय? चार वर्षं रोज इंग्रजी लिहून मला क्रियापद गाळायची सवय लागली होती. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ असा प्रकारच नाही, त्यामुळे ते गेलेले कळतही नाही. मी मग प्रत्येक निबंध लिहून झाला की पेन्सिल घेऊन फक्त नामं शोधायचे, आणि प्रत्येकासमोर विचारायचे, कोणतातरी एक की तोच तो? कंटाळवाणं काम आहे. दुसरा उपाय मला सापडला नाही.

दुसरी चूक शाळेतल्या निबंधाची. आपल्याला सवय काय? ‘आजच्या विज्ञानयुगात मानवाने प्रगतीची उंच शिखरे गाठली आहेत.’ मग हळूहळू विषयाकडे. तुमचं मत काय, ते शेवटच्या परिच्छेदात, तेही ‘नाण्याच्या दोन बाजू’ म्हणून. तिकडे प्रश्न असतो, तुम्ही सहमत आहात की नाही? मग पहिल्या परिच्छेदातच सांगावं की आहे किंवा नाही, आणि पुढे का ते. मी पहिली सत्तर-ऐंशी वाक्यं, सॉरी, शब्द, विज्ञानयुगातच घालवायचे. बाईमाणसाने असं तोंडावर मत फेकू नये, हेही कुठेतरी आत असेल माझ्या. ते निबंधात उतरतं, खरंच उतरतं.

तिसरी परीक्षा जून २०२४ ला दिली. ऐकण्यात ७, वाचण्यात ६.५, लिहिण्यात ६.५, बोलण्यात ७. आता तुम्ही म्हणाल, वाचण्यात परत अर्धा कमी. हो. पण नर्सिंग कौन्सिल दोन परीक्षांचे निकाल जोडू देतं. २०२३ मध्ये त्यांनी दोन परीक्षांमधली मुदत सहा महिन्यांवरून बारा महिने केली. अट अशी की ऐकणं, वाचणं, बोलणं यात दोन्हींपैकी एकाही वेळी ६.५ च्या खाली नको, आणि लिहिण्यात ६ च्या खाली नको. माझे दोन्ही बसले. हे मला क्लासने सांगितलं नव्हतं, मी कौन्सिलच्या साइटवर वाचलं, डिक्शनरी घेऊन, रात्री दोन वाजता, पेशंट झोपल्यावर. अशीच ‘वन स्किल रिटेक’ नावाची सोय आहे, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच भाग ६० दिवसांच्या आत परत देता येतो. पण तुम्ही जिथे अर्ज करणार ते लोक ती मान्य करतात का, हे पैसे भरण्याआधी त्यांच्याच साइटवर बघा. नियम बदलतात. माझ्या बोलण्यावर पैसे भरू नका.

आबांना तिसऱ्या वेळी मीच फोन केला. त्यांनी विचारलं, “आते काय? पास का नापास?” मी म्हटलं, “पास व्हयनू आबा.” घाईत ‘व्हयनी’चं ‘व्हयनू’ झालं. आबांनी आधी ती चूक सुधारली, मगच “बरं व्हयनं” म्हणाले.

आता खरं सांगायचं तर मी अजून धुळ्यातच आहे. पुढची कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा झाली, मुलाखती सुरू आहेत. आयएल्ट्सचा निकाल दोन वर्षंच चालतो. माझ्या जानेवारीच्या निकालाला आठ महिने उरलेत, तोपर्यंत काही जमलं नाही तर जोडलेला निकाल तुटेल आणि मला परत बसावं लागेल. कॅलेंडरवर मी ती तारीख लिहिलेली नाही, पण रोज मोजते.

साक्रीच्या मुलीने विचारलं होतं, रोज किती तास? माझे सव्वा ते दीड तास व्हायचे, शिफ्ट सांभाळून. काही दिवस काहीच नाही. आणि जे स्पर्धा परीक्षेवाले ऐकतायत, तुमचा इंग्रजीचा पेपर वेगळा आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तो ३०० मार्कांचा असतो, २५ टक्के पडले की झालं, रँकमध्ये धरत नाहीत. पण तेवढे पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. तेव्हा तुम्हीही वही काढा.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा. मोबाइलचा रेकॉर्डर लावा आणि दोन मिनिटं तुमच्या गावातली एक जागा इंग्रजीत सांगा. विहीर, पार, स्टँडवरची टपरी, काहीही. शब्द अडला तर थांबू नका, वळसा घाला. मला पाठवायचं असेल तर पाठवा, मी ऐकेन, हसणार नाही. ताजमहाल पाठवला तर मात्र हसेन.

चला, पंखा लावते आता. सात वाजता ड्यूटी आहे.